तीन शाळांची तपासणी

जूनचा पहिला रविवार, सकाळची वंदना आटोपल्यावर. रक्कम घरामागं पंधरा रुपये, घरं अकरा, एकूण एकशे पासष्ट. हजर आठ पुरुष, पाच बाया आणि लिहून घ्यायला मी. तीन घरचं कोणीच आलं नव्हतं. त्यांचे पंचेचाळीस रुपये गजभिये काकांनी आपल्या खिशातून भरले आणि विहाराच्या ओसरीवर बसलेल्या माझ्या बाबांच्या कपाळाला तिथंच आठी पडली. न मागता दुसऱ्याचे पैसे भरणारा माणूस बाबांना कधीच पटला नाही. त्यांनी मला हळूच सांगितलं, “बेबी, ह्या तीन घराईपुढं भरणाऱ्याचं नाव लिहून ठेव.” मी लिहिलं.

पैसे कशाचे, ते सांगते. हिंदी मुलखातल्या शहरात, अधारताल भागात, मुख्य रस्त्यामागं आमची अकरा मराठी घरं होती आणि त्यांतली चौदा लहान पोरं तीन सरकारी शाळांत विखुरली होती. एक घराजवळची, बिनगिलाव्याच्या विटांची, म्हणून लाल शाळा. तिथं मी सातवी पास होऊन आठवीत जाणार होते. दुसरी तळ्यावरची, पायी पंधरा मिनिटं. तिसरी बड्या फुहाऱ्याच्या, म्हणजे चौकातल्या मोठ्या कारंज्याच्या पलीकडे, जिला आम्ही फुहाऱ्याची शाळा म्हणायचो. कोणी कुठं जायचं याला काही विचार नव्हता. बाप ज्या रस्त्यानं सायकलवर कामाला जायचा त्या रस्त्यावर पोराचं नाव पडायचं. त्या वर्षी तिन्ही शाळांची मिळून वस्तीतली चार पोरं आठवीत नापास झाली आणि गजभिये काकांनी विषय काढला, की चौदाही लहान पोरं एकाच चांगल्या शाळेत घालू आणि त्यांना टेम्पो लावू. चांगली म्हणजे फुहाऱ्याची. पंधरा रुपये त्या टेम्पोच्या पहिल्या महिन्याचे.

“कशावरून चांगली?” बाबांनी विचारलं.

“अरे मेश्रामजी, पूरा शहर म्हणते!”

“शहर म्हणजे कोण? दोन नावं सांगा.”

“आता नावं कायची सांगू? माहा राजू तिथंच आहे ना जी.”

“राजू सोडून.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. गजभिये काका एका दफ्तरात शिपाई होते, आवाज मोठा, मन मोकळं, आणि चिडले की हिंदीत जायचे. “चलो ठीक है, फिर आप ही देख लो,” ते म्हणाले, “जून संपेपर्यंत सांगा कोणती चांगली ते. तुमचं तर कामच हाये तपासायचं.” बाबा म्हणाले, “सांगतो. पण मी नुसता पाहत नसतो, मोजतो.” तेव्हापर्यंत पैसे विहाराच्या पेटीत आणि पेटीची किल्ली बाबांकडे राहील असं ठरलं.

बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. पहाटेचा भोंगा झाला की आमच्या घरात स्टोव्ह पेटायचा, दुसऱ्या भोंग्याला बाबांची सायकल दाराबाहेर पडायची, आणि संध्याकाळच्या भोंग्यानंतर विसाव्या मिनिटाला ते दारात असायचे. पंचविसावं मिनिट झालं तर आई उठून रस्त्यावर पाहायची. फॅक्टरीत त्यांचं काम एवढंच, की शंभर नगांतून काही नग उचलायचे, मापाला लावायचे आणि पूर्ण ढीग पास की नापास ते सांगायचं. त्यांचा एक नियम होता आणि तो घरातही चालायचा : समोरचा माणूस जो नग स्वतः पुढे करतो, तो बाजूला ठेवायचा. भाजीवाल्यानं दाखवलेलं वांगं ते घेत नसत, ढिगाच्या पोटातलं काढत. आंबेवाल्याच्या टोपलीत हात कोपरापर्यंत जायचा. आईला याची लाज वाटायची, पण त्या जूनमध्ये आमच्याकडे सरगुंड्यांबरोबर जो आमरस झाला तसा वस्तीत कोणाकडे झाला नव्हता, हेही ती सांगायची. सरगुंडे तिनं उन्हाळ्यात काडीवर वळून वाळवलेले असायचे. शिजताना त्यांचा वास कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात मिसळायचा, आणि आजही कुठं वाळा भिजलेला असला की मला गोड खाण्याची इच्छा होते.

आई फार बोलत नसे, पण बोलली की नेमकं टोचायची. त्या रविवारी ताटं वाढताना ती म्हणाली, “शाळा मग पाहा. टेम्पो कोणाचा हाये ते विचारलं काय आधी?” बाबांचा घास हातात राहिला. बुधवारपर्यंत कळलं, टेम्पो गजभिये काकूंच्या भावाचा. बाबांनी ते ऐकून जेवताना दोनदा मान हलवली, जणू हरवलेला नग सापडला. मला मात्र आज वाटतं, की मेव्हण्याचा टेम्पो असणं हा काही गुन्हा नव्हे; पोरं कोणाच्या ना कोणाच्या टेम्पोत बसणारच होती. पण त्या घरात तेव्हा असा विचार करायची सोय नव्हती. मीही बाबांच्याच नजरेनं पाहत होते आणि मला ते आवडत होतं.

शाळांना सुट्ट्या होत्या, पण ऑफिसं उघडी असत. बाबा एका दिवसाची रजा टाकून तिन्हीकडे जाऊन आले. तिन्हीकडे त्यांना हजेरीचं रजिस्टर दाखवलं गेलं आणि तिन्हीकडे वर्षभर पोरं जवळजवळ रोज हजर होती. ते घरी येऊन म्हणाले, “नव्वदच्या वर सगळे. गोवर आला तेव्हाबी नव्वदच्या वर. रजिस्टर कोणी लिहिलं? ज्याचं तपासायचं त्यानंच. ह्याले माप म्हणत नाहीत.” मग त्यांना वह्या सुचल्या. पोरांच्या गेल्या वर्षाच्या गणिताच्या वह्या. मास्तर शिकवतो की नाही हे वहीवरच्या लाल शाईत दिसतं, लाल शाई रजिस्टरसारखी एका बैठकीत लिहिता येत नाही, आणि वह्या शाळेच्या नाही, आपल्या घरात आहेत. शंभर पानांत किती पानांवर तारखेसह लाल खूण, एवढं मोजायचं. त्यांना ही युक्ती इतकी पसंत पडली की त्या दिवशी त्यांनी आईला चहा करून दिला.

मी थैली घेऊन त्यांच्यामागं घरोघर फिरले. वाटलं तितकं सोपं नव्हतं. दोन घरी वह्या रद्दीत गेल्या होत्या आणि बाबांनी रद्दीवाल्याचं नाव, वजन आणि भाव विचारला. एका घरी अर्धी वही फुटाण्याच्या पुड्यांत गेली होती, अर्धी मिळाली. ती अर्धी म्हणूनच नोंदवायला लावली. गजभिये काकूंनी राजूची वही खाकी कव्हर घालून तयार ठेवली होती. बाबांनी ती हातात घेतली, कौतुक केलं, परत दिली आणि म्हणाले, “वहिनी, ट्रंकेखालची द्या.” काकूंचा चेहरा पडला. ट्रंकेखालून निघालेल्या वहीला कव्हर नव्हतं, वास होता, पण लाल खुणा जवळजवळ तितक्याच होत्या. बाबांनी ती घेतली. बाहेर येताच ते मला म्हणाले, “कव्हर घातलेली पहिले पाहिली असती तर मी फसलो असतो.” दोन्ही वह्या सारख्याच होत्या, मग फसले कसे असते, हे मी विचारलं नाही.

मोजणी आमच्या पुढच्या खोलीत, चटईवर, तीन संध्याकाळी चालली. बाबा पानं उलटायचे, मी म्हणायची “लाल” किंवा “कोरं”, आणि ते रेघ ओढायचे. तळ्यावरच्या शाळेच्या वह्यांत शंभरात चाळीसच्या आसपास लाल. फुहाऱ्याच्या, साठच्या आसपास. लाल शाळेच्या वह्या आल्या आणि मी “लाल, लाल, लाल” म्हणत सुटले. ब्याण्णव. प्रत्येक खुणेशेजारी तारीख आणि खाली सरोज बहेनजींचा छोटासा “स”. बाबांनी चष्मा काढून पुसला. “वा,” ते म्हणाले, “घरासमोर शाळा हाये आणि आपण टेम्पो लावून राहिलो.”

त्यांतल्या बहुतेक खुणा माझ्या होत्या.

सरोज बहेनजींकडे सहावी आणि सातवी एकाच खोलीत होत्या, शिवाय पाचवीचं आणि आठवीचं गणित. दिवाळीनंतर त्यांनी मला मॉनिटर केलं आणि एका दुपारी आपलं लाल पेन माझ्या हातात दिलं. “तेरी लिखाई अच्छी है, ज़रा देख ले,” एवढंच म्हणाल्या. आधी मी खरंच तपासायची. एकेक गणित करून पाहायची आणि चुकलेल्यावर गोल काढायची. पण गोल काढलं की पोरगं भांडायचं, किंवा बहेनजींकडे जायचं, आणि बहेनजी मतदारयाद्यांच्या कागदांतून मान वर करून म्हणायच्या, “बेबी, जल्दी कर.” हळूहळू मी फक्त टिक करू लागले. मग तारीख. मग “स”. फेब्रुवारीत साहेब तपासणीला येणार होते तेव्हा मी दोन दिवसांत मागच्या दोन महिन्यांच्या तारखा भरल्या, आणि त्या वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारख्या दिसाव्यात म्हणून मध्येमध्ये पेन बदललं. ते माझं मलाच सुचलं होतं. बाबांची मुलगी होते मी. तपासणारा कुठं पाहतो हे मला ठाऊक होतं.

बोलायला पाहिजे होतं, हे मला चटईवरच कळत होतं. बोलले तर लाल शाळा पडेल, पोरं टेम्पोत बसतील, मीही त्यांच्याबरोबर फुहाऱ्याला जाईन आणि तिथं मला कोणी पेन देणार नाही. नाही बोलले तर चौदा पोरं अशा वर्गात येऊन बसतील जिथं गणित तपासणारी मी आहे. त्यांत माझा भाऊ बबलू होता. त्याच्याच वहीत बाबांना “सात आठे चोपन्न” सापडलं, आणि त्यावर नीट, लफ्फेदार लाल टिक.

“तुह्या बहेनजीले पाढे येत नाहीत काय?” बाबांनी विचारलं.

“घाई असते त्यांना,” मी म्हणाले.

बाबांनी वही डोळ्यांशी धरली. मग म्हणाले, शंभरात चार-पाच नग असे निघतातच, त्यासाठी ढीग नापास करत नाहीत. ते जगात सगळ्यांवर संशय घ्यायचे, रद्दीवाल्याच्या तराजूवर, कव्हरावर, हजेरीवर. ती टिक त्यांच्या डोळ्यांपासून एक वीत होती आणि काढणारीही.

जूनच्या शेवटच्या रविवारी बाबांनी ओसरीवर उभं राहून तिन्ही आकडे वाचले. चाळीस, साठ, ब्याण्णव. टेम्पोची गरज नाही, पैसे परत. लोक खूश झाले. पंधरा रुपये परत मिळणार म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? गजभिये काका तेवढे बसून होते. त्यांनी एक वही मागितली. मग दुसरी. मग मान वर केली.

“मेश्रामजी, वह्या किती दिवस तुमच्या घरी होत्या?”

“बारा दिवस.”

“आणि तुमची पोरगी कोणत्या शाळेत हाये?”

“माहीत हाये ना तुम्हाले.”

“तिच्या कंपासात लाल पेन काहून हाये? माह्या राजूनं पाहिलं. मास्तरीण झाली काय ती?” आणि मग लोकांकडे वळून, “बारा दिवस वह्या घरात, पेन घरात, अन् आकडा ब्याण्णव! कमाल है! दुसऱ्याच्या घरी ट्रंकेखाली पाहता जी, आपल्या कंपासात कोण पाहील?”

असं बाबांना कोणी कधी बोललं नव्हतं. फॅक्टरीत त्यांच्या सहीवर लोक डोळे मिटून माल उचलायचे. ते रागानं काही बोलतील असं वाटलं, पण ते माझ्याकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “बेबी, उभी राह. सांग ह्याईले. ह्या खुणांतली एक तरी तुही हाये काय?”

उत्तर ‘नाही’च येणार याची त्यांना खात्री होती, म्हणून तर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी उभी राहिले. बाया बसल्या होत्या तिकडून आई माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला आधीच कळलं आहे.

“हो,” मी म्हणाले.

बाबांनी विचारलं, “किती?”

“सगळ्या. दिवाळीनंतरच्या सगळ्या. पण घरी नाही बाबा. शाळेतच. बहेनजींनी पेन दिलं होतं.”

मी खरं बोलले याचं श्रेय मला कोणी देऊ नये. पेन राजूनं पाहिलं होतं. आज नाही तर उद्या ते निघालंच असतं. शिवाय बाबांवर आळ आला नसता तर मी बोलले असते का, हे मी इतक्या वर्षांत अनेकदा स्वतःला विचारलं आहे आणि उत्तर प्रत्येक वेळी वेगळं आलं आहे.

बाबा खाली बसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, कोरा कागद दिला आणि दहा टिका काढायला लावल्या. त्या कागदाशी एकेक खूण ताडून त्यांनी लाल शाळेच्या वह्या तिथंच पुन्हा मोजल्या. लोक उठून गेले नाहीत. तासभर पानं उलटल्याचा आणि वर पंख्याचा आवाज. बहेनजींच्या स्वतःच्या खुणा शंभरात अकरा भरल्या. “अकरा,” बाबांनी सगळ्यांना सांगितलं, ब्याण्णव सांगितलं होतं त्याच आवाजात.

“बस! फुहाऱ्याची शाळा पक्की,” गजभिये काकांनी मांडीवर थाप मारली.

“आमच्यातबी मॉनिटरच करते,” राजू म्हणाला. “सरजी शेवटी एकदम सही ठोकते.”

“चूप बे!”

पण आता कोण चूप बसणार! तळ्यावरच्या शाळेतल्या एका पोरीनं सांगितलं, तिच्याकडे दर शनिवारी मोठ्या वर्गातली ताई येऊन टिका करते, पण ताई आळशी आहे म्हणून कमी होतात. बाबांनी कागद घडी करून खिशात घातला. आम्ही तीन शाळा तपासल्याच नव्हत्या, तीन मॉनिटर तपासले होते, आणि त्यांत सगळ्यांत कामसू मी निघाले होते. टेम्पो रद्द झाला. पेटी उघडून ज्याचे त्याचे पैसे परत गेले. तीन घरांचे पंचेचाळीस मी नाव वाचून गजभिये काकांना दिले. त्यांनी ते मोजून घेतले.

जुलैत शाळा उघडल्यावर बाबा सरोज बहेनजींना भेटायला गेले. मी वर्गाच्या दारातून ऐकत होते. बहेनजी ओशाळल्या नाहीत. “मेश्रामजी, अड़सठ बच्चे, दो क्लास, ऊपर से महीने में दस दिन सरकारी ड्यूटी। आप ही बताइए, कब जाँचूँ?” बाबांनी वर्गातली डोकी मोजली आणि परत आले. घरी म्हणाले, “अडुसष्ट नाही, एकाहत्तर आहेत.” माझ्याशी ते त्या आठवड्यात कामापुरतंच बोलले. मारलं असतं तर बरं, असं मला वाटायचं. पेन बहेनजींनी परत घेतलं आणि दुसऱ्या मुलीला दिलं.

माझ्या मुलीचा मुलगा आता दुसरीत आहे. त्याच्या शाळेकडून मोबाइलवर रोज संध्याकाळी हिरवी खूण येते, गृहपाठ तपासला म्हणून. मुलगी ती पाहून मोबाइल ठेवून देते. मी वही मागवते आणि गणितं करून पाहते. “आई, तुला ना, कशावरच भरवसा नाही,” ती म्हणते. ती खूण काढणारं कोण आहे हे मला कळलं असतं तर ठेवलाही असता.

त्या जुलैत पोरं ज्या त्या शाळेत राहिली, पण वह्यांचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. पुढच्या बैठकीत ठरलं की चौदाही पोरांच्या वह्या दर रविवारी विहारात तपासायच्या. कोणी? सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाबा म्हणाले, “ती नाही.” गजभिये काका म्हणाले, “तीच.” सगळ्यांना नवल वाटलं. “तिले सगळ्या लबाड्या माहीत आहेत जी. पण फुकट नाही. फुकटच्या कामाले कोणी जाब विचारत नाही, तिथंच तर सगळा घोळ झाला. पैसे द्या, मग विचारता येते. अन् तिचं काम मी पाहीन. बापानं पोरीचं तपासायचं नाही.” गजभिये काका स्वतः चौथी शिकलेले, पण तिसापर्यंतचे पाढे त्यांना उलटे येत. महिन्याचे पाच रुपये ठरले. चुकीच्या गणितावर माझी टिक सापडली तर चुकीमागं एक रुपया कापायचा, आणि तो ज्या पोराचं गणित त्याला द्यायचा, कारण नुकसान त्याचं. ही शेवटची अट बाबांची. “ती नाही” सोडलं तर त्या आठवड्यानंतर ते माझ्याबद्दल बोललेलं पहिलं वाक्य तेच.

गजभिये काका मांडी घालून, बोट फिरवत, प्रत्येक वही माझ्यानंतर पाहायचे. पहिल्याच महिन्यात त्यांना एक भागाकार सापडला, राजूचा, आणि त्यावर माझी टिक. स्वतःच्या पोराचा होता म्हणून ते थोडे घुटमळले, पण सांगितलं. जुलैअखेर बाबांनी ओसरीवर सगळ्यांसमोर पैसे दिले. चार रुपये मला, एक रुपया राजूला.